फायलीतली बरी बाई

डॉक्टरांनी संगणकाचा पडदा माझ्याकडं वळवला आणि मला कळलं, की मी शाळेत पोरींबरोबर लंगडी खेळते. मांडी घालून जेवते. जिना एका दमात चढते. 'खुबा दुखतो का' या प्रश्नापुढं शून्य होतं आणि सगळ्यात खाली शेरा होता, 'पेशंट अतिशय समाधानी'.

त्या वेळी मी त्यांच्यासमोरच्या खुर्चीत उजवीकडं कलून बसले होते, कारण डाव्या बाजूवर भार देता येत नव्हता. पर्समध्ये दुखण्याच्या गोळ्यांचं अर्धं पाकीट होतं. मला आधी वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाची फाईल उघडली. पण वर नाव माझंच, वय माझंच, आणि दोन वर्षांपूर्वी डाव्या खुब्यावर दुर्बिणीतून केलेल्या ऑपरेशनची तारीखही माझीच. वर्गात साठ पोरांना एका दमात गप्प करणारी बाई मी, पण तिथं माझीच दातखीळ बसली.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. घर नांदुऱ्यात, शाळा मोताळा तालुक्यातल्या एका गावात, रोज स्कूटीनं जाणं-येणं. खुब्याचं हे लचांड मी स्वतःच्या हातानं, खरं तर पायानं, ओढवून घेतलं. शाळेच्या क्रीडा सप्ताहात मुली लंगडी घालत होत्या ती इतकी मरगळलेली, की मला पाहवेना. मी पदर खोचला, "हे पाहा, असं!" म्हणाले आणि मैदानावर चुन्यानं आखलेल्या चौकोनात उडी घेतली. चार मुली बाद केल्या. पाचवीला हात लावताना जांघेत कट्टकन काहीतरी वाजलं. मुली टाळ्या वाजवत राहिल्या, मी हसत हसत एका पायावरच कडेला गेले, कारण दुसरा खाली टेकत नव्हता.

तेल झालं, शेक झाला, एका जाणत्यानं पाय ओढून पाहिला, तो प्रकार तर मी आयुष्यात विसरणार नाही. शेवटी अकोल्याला एमआरआय झाला. मोठ्या शहरातले एक डॉक्टर महिन्यातून एकदा बुलढाण्यात पेशंट तपासायला येतात, त्यांना दाखवलं. त्यांनी मुठीवर वाटी ठेवून समजावलं. खुबा म्हणजे खोबणीत फिरणारा गोळा. खोबणीच्या काठाला रबरासारखी कड असते, ती फाटली आहे. बारीक भोकं पाडून, दुर्बीण घालून ती शिवता येते. "बहुतेकांना चांगला फरक पडतो," ते म्हणाले, "काहींना तेवढा पडत नाही. तुमची थोडी झीजही दिसते. आधीच सांगून ठेवतो." यातलं पहिलं वाक्य मी घरी आणलं. बाकीची तिथंच राहिली.

ऑपरेशन त्यांच्या शहरात झालं. मांडीवर बोराच्या बीएवढ्या तीन खुणा, बस्स. पण पुढं सहा आठवडे कुबड्या. माझे पती, ज्यांना मी आमच्याकडच्या रीतीनं 'हे' म्हणते, बाजार समितीत कारकून आहेत. यांनी जमवलेली सगळी रजा माझ्या खुब्यापायी खर्ची घातली. ते भाकरी थापायला शिकले. पहिल्या भाकरीला पाच-सहा कोपरे होते आणि मधे भोक. ते माझी वेणी घालायला शिकले. पहिली वेणी बैलाच्या दाव्यासारखी झाली होती, शेजारणी येऊन पाहून गेल्या. पंधरा दिवसांत मात्र अशी घट्ट, सरळ वेणी घालू लागले, की मला स्वतःला तशी येत नाही. हे सगळं मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढं जे झालं त्यात या वेणीचा हात आहे.

तीन महिन्यांनी मी काठीशिवाय चालू लागले. सासूबाईंनी मारुतीला नारळ फोडला, शाळेत पेढे वाटले. भेटेल तो म्हणायचा, "डॉक्टरच्या हाताले यश हाय बुवा." सातव्या महिन्यात दुखणं परत आलं. आधी जिन्यावर, मग स्कूटीवर पाय टाकताना, मग फळ्यासमोर उभं राहिल्यावर. मी कुणालाच बोलले नाही.

का बोलले नाही, हे आमच्या घरात राहिल्याशिवाय कळायचं नाही. आमच्या घरात मीठ संपत नाही, वाढतं. बांगडी फुटत नाही, वाढते. बाहेर पडणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. सासूबाईंचं ठाम मत आहे, की घरात वाईट शब्द काढला की वास्तू तथास्तु म्हणते, आणि दिवेलागणीला तर हमखास म्हणते. एकदा मी सहज म्हणाले होते, "आज अंगात कसकस आहे, ताप येतो वाटतं." सासूबाई हातातला तांब्या ठेवून म्हणाल्या, "शुभ बोल वं बाई. ताप काय, बोलावला की येते." आणि आला की खरंच! आठ दिवस अंथरुणात होते. आता अशा घरात खुबा दुखणार कसा?

शिवाय ती वेणी. ज्या माणसानं सहा आठवडे माझ्या केसांतला गुंता एक केस न तोडता सोडवला, त्याला कुठल्या तोंडानं सांगायचं, की बाबा, तुझं सगळं वाया गेलं? म्हणून कुणीही विचारलं की माझं उत्तर तयार, "बरं आहे." हळदीकुंकवाला बायका सतरंजीवर आणि मी प्लास्टिकच्या खुर्चीत, लग्नातल्या रुसलेल्या मामीसारखी. सत्यनारायणाला सासूबाई हसून म्हणाल्या, "देव खाली अन् सून वर." सगळ्यांबरोबर मीही हसले आणि आत जाऊन गोळी घेतली. गोळ्या मी शाळेच्या डब्याच्या पिशवीत ठेवायचे, कारण ती पिशवी घरात दुसरं कुणी उघडत नाही.

यंदा मात्र पायाची नखं कापायला वाकता येईना. मी यांना म्हणाले, "दोन वर्षं झाली, एकदा नुसतं दाखवून येऊ." हे लगेच तयार झाले. एसटीत मला खिडकीजवळची जागा दिली. राजूरच्या घाटात प्रत्येक वळणाला खुब्यात कळ मारत होती आणि प्रत्येक वळणाला हे विचारत होते, "तरास नाई नं?" मी प्रत्येक वळणाला म्हणत होते, "नाही हो."

बुलढाण्याच्या त्या दवाखान्यात बाकावर माझी एक जुनी विद्यार्थिनी आईबरोबर बसली होती. चौथीपर्यंत माझ्या वर्गात होती. पळायला लागली की गावातली कुत्री मागं राहायची. आता वीस वर्षांची झाली आहे, पोलीस भरतीची तयारी करते. पळण्याच्या सरावात तिच्याही खुब्याची कड फाटली होती. ती लंगडत उठून माझ्या पाया पडली. तिची आई रोहिणखेडकडची, शेतात राबणारी बाई, माझा हात धरून म्हणाली, "मॅडम, तुमच्या भरोशावर पोरगी ऑपरेशनले देऊन राह्यली मी. पुढच्या आठवड्याची तारीख घेतली. तुमी फोनवर सांगतलं नसतं तं माह्या जीवाले धीर नसता झाला."

फोन. हो, आला होता फोन, दीडेक महिन्यापूर्वी. मी ओट्याला पोट टेकून उभी होते, म्हणजे डाव्या पायावरचा भार कमी व्हावा. मागं सासूबाई मेथी निवडत होत्या. बाईनं विचारलं, "आता कसं हाय, मॅडम?" मी म्हणाले, "बरं आहे. काळजी करू नका." दहा सेकंदांत विषय संपला होता आणि मी कढईकडं वळले होते. तेवढ्यात माझा नंबर पुकारला गेला.

आणि आत गेल्यावर ती फाईल.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?" शेवटी मला वाचा फुटली.

"आमच्याकडून फोन जातो," डॉक्टर म्हणाले. "सहा महिन्यांनी, वर्षानं, दोन वर्षांनी. केसपेपरवरच्या नंबरवर. ठरलेले प्रश्न असतात, जी उत्तरं येतात ती इथं भरतात."

केसपेपरवरचा नंबर यांचा होता. अर्थात यांचाच. आमच्याकडं बाईच्या केसपेपरवर दुसऱ्या कुणाचा असतो? मी वळून पाहिलं. हे भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडं असे टक लावून बघत होते, जणू परीक्षेला तेच येणार आहे.

"अहो, हे तुम्ही सांगितलं?"

"हाव."

"लंगडी?"

"त्या फोनवरच्या पोरीनं विचारलं, पयल्यासारखं खेळता येते का. मी म्हणलं, हाव, लंगडी बी खेळते."

"पण का?"

"घरात होतो नं मी," हे हळूच म्हणाले. "दिवाबत्तीची वेळ. बाजूले आई बसली होती. त्या वक्ताले तोंडातून 'दुखते' कसं काढू? अन् डॉक्टरसायबानं एवढी मेहनत घेतली, त्यायच्या माणसाले वाईट काऊन सांगा?"

मी भडकले. डॉक्टर समोर आहेत, बाहेर माणसं बसली आहेत, कसलंही भान राहिलं नाही. माझं दुखणं माझं आहे की तुमच्या घराण्याची इज्जत, असं काहीतरी मी बोलले. आणखीही बोलले, ते इथं लिहीत नाही. हे ऐकत राहिले. माझा श्वास संपल्यावर म्हणाले, "तुले विचारलं होतं मी. तिन्ही डाव. फोनवर हात ठेवून विचारलं. तू म्हणली, बरं हाय म्हणा."

आणि मला ते दिसलं. स्वयंपाकघराच्या दारात हे उभे, फोनवर तळहात, भुवया वर, "कसं हाय म्हणून विचारतेत." मला वाटलं होतं, असेल कुणी मावशी नाहीतर मामेसासरे. मी पोळी उलटता उलटता म्हणाले होते, "बरं आहे म्हणा." तिन्ही वेळा. म्हणजे ती फाईल यांनी एकट्यानं लिहिली नव्हती. लंगडी तेवढी यांच्या पदरची, बाकी सगळं माझंच. खरं सांगते, त्या क्षणी मला कुणीतरी भर चौकात थोबाडीत मारल्यासारखं झालं.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं ओरडतील. ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "मॅडम, नवीन पेशंट विचारतात, बरं वाटेल का, किती दिवस टिकेल. मी त्यांना जे सांगतो, ते याच उत्तरांवरून सांगतो. तुम्ही दोन वर्षं बऱ्या झालेल्यांत मोजल्या गेलात. आता मला कळत नाही, अशी आणखी किती घरं..." त्यांचाही चेहरा उतरला होता. इतका शिकलेला माणूस आमच्या दिवेलागणीपुढं असा हतबल झालेला पाहून मला फार लाज वाटली.

त्यांनी मला टेबलावर झोपवून पाय छातीकडं दुमडला. माझ्या तोंडून किंकाळी निघाली. एक्स-रे काढला. गोळ्याच्या एका बाजूला झीज वाढली होती. सातव्या महिन्यात आला असतात तर व्यायाम बदलता आला असता, भार कमी करता आला असता, म्हणाले. कदाचित फरक पडला असता, कदाचित नसताही. आता व्यायाम, एखादं इंजेक्शन, आणि नाहीच भागलं तर पुढं सांधा बदलण्याचा विचार.

मग त्यांनी फाईलमध्ये नवीन पान उघडलं. यांना म्हणाले, "आता तुम्ही बोलायचं नाही." यांनी खरोखर ओठ मिटून घेतले. डॉक्टरांनी मला विचारलं, "रोजच्या कामात दुखतं का?"

मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "बरं आहे."

डॉक्टरांचं बोट कळफलकावर तसंच राहिलं. फाईल पाहून मी हादरले होते, पण ते काहीच नव्हतं. हे वाक्य मी बोललेच नव्हते, ते आपोआप आलं होतं, छातीचा भाता चालावा तसं. थोड्याच वेळापूर्वी मी किंचाळले होते. मला स्वतःची भीती वाटली.

"दुखतं," मी दुसऱ्यांदा म्हणाले. "रोज दुखतं." आणि मग थांबताच येईना. मोऱ्या, जिने, नखं, सतरंज्या, घाटातली वळणं. डब्याच्या पिशवीतल्या गोळ्या. यांनी एकदाच तोंड उघडलं, "गोळ्या? कवापासून?" मी सांगितलं. ते पुन्हा हाडांच्या चित्राकडं बघू लागले, पण आता त्यांना ते चित्र दिसत नव्हतं.

मी डॉक्टरांना म्हणाले, "बाहेर माझी विद्यार्थिनी आहे. तिला आत बोलवा. तिनं माझ्या भरवशावर तारीख घेतली आहे." त्यांनी आधी माणूस पाठवून तिला विचारलं, मग बोलावलं. ती एकटीच आली. तिची आई तिच्या नव्या औषधांसाठी समोरच्या मेडिकलमध्ये गेली होती.

पोरगी हुशार. माझा चेहरा पाहूनच तिला काहीतरी कळलं असावं. तिनं सरळ विचारलं, "मॅडम, मांडी घालता येते नं तुमाले?"

ही पोरगी दुसरीत असताना मी तिला अर्धा तास उभं केलं होतं, कारण तिनं गृहपाठाचं खोटं सांगितलं होतं. आता तिच्यासमोर नुसतं 'नाही' म्हणून भागेल असं मला वाटेना. मी भिंत धरली आणि खाली बसायला गेले. अर्ध्यातच खुबा अडकला. डावी चप्पल निसटून लांब गेली, हात भिंतीवरून घसरला, आणि मी एका गुडघ्यावर आदळले. पोरीनं एका बाजूनं धरलं, यांनी दुसऱ्या. दोघांनी मिळून मला पोत्यासारखं उचलून खुर्चीत घातलं. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

डॉक्टर तिला म्हणाले, "तुझं मॅडमसारखंच होईल असं नाही. तुझं वय कमी आहे, झीज नाही. चांगला फरक पडण्याची शक्यता जास्त आहे. पण भरतीला पळता येईलच, असा शब्द मी देणार नाही. घाई नसेल तर आधी तीन महिने व्यायाम करून पाहू."

"भरती थांबत नाई, सर," ती म्हणाली. बोटांनी ओढणीचं टोक गुंडाळत राहिली.

आम्ही तिघं बाहेर आलो. मी यांच्या खांद्यावर भार देऊन, एका पायात चप्पल, दुसरी यांच्या हातात. वाकून ती घालणं मला जमत नाही आणि तेवढ्या गोंधळात यांनाही सुचलं नव्हतं. तिची आई पिशवी छातीशी धरून दारातच उभी होती.

"काय म्हणल्या मॅडम?" तिनं पोरीला विचारलं.

पोरीनं आईच्या हातातली पिशवी घेतली. छान हसली. म्हणाली, "बरं हाय म्हणे. काई काळजी नाई."

तोच सूर, तोच वेग, आणि मान तशीच थोडी तिरकी. आईच्या जिवाला घोर नको म्हणून, भरती चुकायला नको म्हणून. हे मी तिला कुठल्याच इयत्तेत शिकवलं नव्हतं आणि तरी ती माझंच बोलत होती. एका मिनिटापूर्वी तिनं मला जमिनीवरून उचललं होतं.

"नाही," मी म्हणाले. शाळेतली, पुस्तकातली माझी मराठी त्या वेळी कुठं गेली कोण जाणे. "नाई वं माय. बरं नाई मले. रोज दुखते. तुले फोनवर मी खोटं सांगतलं."

त्या बाईला ते खरं वाटेना. पोरगी एक सांगते, मॅडम दुसरंच. तिनं माझ्याकडं पाहिलं, पोरीकडं पाहिलं, आणि मग अशा वेळी आमच्याकडं जिथं पाहतात तिथं पाहिलं. माझ्या नवऱ्याकडं.

"भाऊ, काय हाय खरं?"

हे माझी चप्पल हातात धरून उभे होते. पुढं बाकांवर दहा-बारा माणसं, सगळी आमच्याकडंच बघत. बाहेर दिवे लागायची वेळ झाली होती. मला यांचा स्वभाव माहीत आहे. आता हसतील, 'तसं काही विशेष नाही ताई' म्हणतील, असं वाटून मी डोळे मिटले.

"नाई, ताई," हे म्हणाले. "बरं नाई तिले." आणि सगळ्यांसमोर खाली बसून त्यांनी माझ्या पायात चप्पल घातली.